दूध-भाकरीवर वाढलेला बगळा

दादा,

परवा तुझी तेरवी झाली. काल उरलेले पाहुणे गेले, आणि आज पहाटे कोणाला न विचारता मी घराच्या धाब्यावर चढले. मातीचं धाबं पावसात भिजलं की पावलागणिक आवाज करतं, त्यामुळे खाली चुलीपाशी बसलेल्या वहिनीला कळलंच असणार. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खालून "उतरा खाली" अशी हाक आली नाही, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

चिंचेवर बगळे आलेत. तू गेलास त्या आठवड्यात कधीतरी आले असतील. तेव्हा मान वर करून बघायला कोणाला सवड होती! पैनगंगेवर धुकं होतं. चिंचेचा बुंधा दिसतच नव्हता, नुसता वरचा हिरवा घेर तरंगत होता आणि त्यात इकडेतिकडे पांढरं काहीतरी हलत होतं. एक जण काडी घेऊन आला. दुसरीनं ती चोचीत धरली, थोडा वेळ दोघांनी मिळून ती तशीच धरून ठेवली, मग तिनं खाली वाकून खोप्यात खोचली. त्याच्या पाठीवरची ती दोऱ्यासारखी पिसं वाऱ्यानं उडत होती. मी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन बसले होते. डावीकडे तुझ्यापुरती जागा ठेवून बसले होते, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

तेरा दिवस माणसं येत होती आणि तुझ्याविषयी चांगलं बोलत होती. देवमाणूस, माळकरी, मुंगीला न दुखावणारा. सगळं खरं आहे. पण तू किती रडीचा डाव खेळायचास हे कोणी सांगितलं नाही. आषाढात बगळे काड्या आणू लागले की आपण दोघं एकेक खोपा निवडायचो. हा तुझा, तो माझा. ज्याच्या खोप्यातून जास्त पिल्लं उडतील तो जिंकला. माझी तीन आणि तुझं एकच उडालं की तू म्हणायचास, "तो खोपा माह्या नव्हताच, गोदे. माह्या त्याच्या मांगचा." मी म्हणायचे, मागे तर नुसती फांदी आहे. मग तू दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाहीस. चाळिशीतला माणूस, कपाळाला बुक्का, आणि पाखरांच्या खोप्यावरून धाकट्या बहिणीशी अबोला!

त्या सकाळी आता मला झोपेत पाहिल्यासारख्या वाटतात. एका घोंगडीखाली आपण दोघं, बारीक पाऊस, घोंगडीला ओल्या लोकरीचा वास, आणि समोर हाताच्या अंतरावर असल्यासारखं ते पांढरं गाव. कोणी अंड्यांवर बसलेलं, कोणी उठून अंडी चोचीनं हळूच फिरवणारं. फिकट निळसर अंडी, पाऊस थांबून ऊन पडलं की तेवढीच चमकायची. शेजारी उडून गेला की त्याच्या खोप्यातली काडी चोरणारे लबाडही होते. तू त्यांना नावं ठेवली होतीस आणि ती सगळी आपल्या भाऊबंदांची होती. पिल्लं निघाली की आई येताच ती तिची चोच आडवी धरून अशी ओढायची की मला तिची दया यायची. तू मात्र हसायचास. "पाह्य, पाह्य, कसं घेऊन राह्यलं! भूक हाय बापा, भूक." दोघांपैकी काडी आणणारा नर की मादी, हा आपला वाद मिटला नाही तो नाहीच. तू म्हणायचास, खोप्यात बसते ती बाई. मी म्हणायचे, दोघंही आळीपाळीनं बसतात, नीट बघ. तू नीट बघायचास आणि मग म्हणायचास, "हाव, बसते खरं. पन तो बसला तरी त्याचं लक्ष बाहीरच असते."

आणि मग स्वयंपाकघरातून वहिनी. "उतरा खाली! चुलीत पानी येऊन राह्यलं, तुमचे पाय काय धाब्यातून घालता काय माह्या डोक्यावर?" आपण दोघं शहाण्यासारखे शिडीवरून उतरायचो, आणि तू संध्याकाळी पांढरी माती आणून गळतीच्या जागी थापायचास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच पाय.

मी तुझ्या घरी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सुलतानपूरच्या सासरी वर्षही भरलं नव्हतं तोच मंगळसूत्र उतरलं. तू मला घ्यायला आलास आणि घरी आल्यावर देवापुढं बसवून माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातलीस. "मोकळा गळा नको," एवढंच म्हणालास. मग मला शिकवलंस, पुढं शाळेत लावलंस, आणि मेहकरच्या मुलींच्या शाळेत मी बाई झाले. माझं जे काही आहे ते तुझ्या हातचं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू उठून गोठ्यात गेला असतास. मला तर आज तुला दुसरंच काही सांगायचं आहे, आणि त्याच्याभोवती मी सकाळपासून फिरते आहे.

एका श्रावणात वारा सुटला होता. चिंचेवरून एक पिल्लू गोठ्याच्या छपरावर पडलं आणि घरंगळत खाली आलं. सगळ्यांत धाकटं होतं ते, मोठ्या भावंडांनी घास न मिळू दिलेलं. अंगावर धड पिसंही नव्हती. चिंच इतकी उंच आणि ओली की चढायचा प्रश्नच नव्हता. तू उपरण्यात गुंडाळून त्याला ओसरीवर आणलंस, टोपलीत गवत घातलंस, आणि भाकरी दुधात कुस्करून तिचे बोटाएवढे घास केलेस.

मी म्हटलं, "दादा, तो मासे खातो."

"आपल्या घरात नाई खात," तू म्हणालास.

मला हसू आलं होतं तेव्हा. पण तू चेष्टा करत नव्हतास. माळकऱ्याच्या दारात आलेला जीव जगवायचा, आणि त्यासाठी दुसरा जीव मारायचा नाही. तुला यात अडचण दिसतच नव्हती. दोन दिवस तू त्या पिल्लाच्या चोचीत भाकरी घालत होतास आणि ते मान वळवून ती बाहेर टाकत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं मान टोपलीच्या काठावर टाकून दिली. तू त्याच्याजवळ बसून हळू आवाजात भजन म्हणत होतास. नंतर शेतात गेलास, पण जाताना तीन वेळा मागं वळून पाहिलंस.

मी धुणं घेऊन नदीवर गेले. तिथं गिरजा भोईण जाळं झटकत होती. सगळ्या गावाला बातमी लागलेलीच होती.

"काऊन व बाई, दादा बगळ्याले भाकर चारून राह्यले म्हने? तो का एकादशी धरून बसला हाय?"

"मग काय करू गिरजे?"

"मासोळी द्या त्याले. नाई तं उद्या मरन."

तिनं पळसाच्या पानात बोटाएवढ्या सात-आठ मासोळ्या गुंडाळून दिल्या. मी ते पान ओल्या लुगड्यात दडवून आणलं. टोपली घेऊन गोठ्यात गेले, गळ्यातली माळ काढली आणि दावणीच्या खुंटीला अडकवली. दादा, तू घातल्यापासून ती माळ मी पहिल्यांदा काढली. पहिली मासोळी चोचीजवळ नेली तेव्हा त्या मेल्यासारख्या पडलेल्या जिवानं अशी झडप घातली की माझं बोटच गेलं आत. सगळ्या खाल्ल्या त्यानं. गळ्यातून एकेक खाली उतरताना दिसत होती. मग मी राखेनं कोपरापर्यंत हात घासले, माळ घातली, आणि शाळेत जाऊन मुलींना कविता शिकवली.

दुपारी तू आलास. पिल्लू मान ताठ करून बसलं होतं. तू भाकरीचा घास पुढं केलास आणि त्यानं तुझ्या बोटावर चोच मारली. अर्धा घास गेला असेल आत, तेही चुकून. पण तू ओरडलास, "गोदे! घेतला! त्यानं घास घेतला!" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुझं ते तोंड पाहून जे सांगायचं ते माझ्या ओठावरून परत गेलं. त्या घटकेला मी गप्प बसले यात माझी चूक झाली असं मला अजूनही वाटत नाही. चूक पुढं झाली.

महिनाभर हे चाललं. पहाटे नदी, पळसाचं पान, खुंटीवर माळ. तू दिवसातून तीनदा भाकरी चारायचास आणि तो तुझ्यावरच्या मायेनं की सवयीनं, थोडी घ्यायचाही. भादव्यात तो ओसरीवरून गोठ्यावर, गोठ्यावरून चिंचेवर गेला, आणि एक दिवस इतरांच्या मागं नदीकडं उडाला तो आलाच नाही. तू हात जोडून उभा होतास. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि मला खरंच आनंद झाला होता. तो कोणाच्या घासावर वाढला याचा तेव्हा विचारसुद्धा मनात आला नाही.

पण गाव म्हणू लागलं, दादाच्या हातची दूध-भाकर खाऊन बगळा माळकरी झाला. लोक बघायला आले. बगळा नव्हता, तर टोपली बघून गेले. शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांच्याही कानावर गेलं. ते हसून म्हणाले, "बाई, हा पक्षी मांसाहारी आहे. पुस्तकात आहे तसं." मी मान ताठ ठेवून म्हणाले, "आमच्याकडचा नाही, साहेब." घरी येऊन तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की ठसका लागला. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा साहेबांशी खोटं बोलले असते.

मग दर श्रावणात लोक पडलेली पिल्लं तुझ्याकडं आणू लागले. तू सगळ्यांना ठेवून घ्यायचास. गिरजा मला लांबून बघूनच पान बांधायला लागायची. काही जगली, काही मुळातच जगण्यासारखी नव्हती. जगलेली तुझ्या नावावर जमा व्हायची आणि मला त्याचं सुखच होतं, हे तुला खरं सांगते.

मग एका साली श्रावणात थोरल्या जावेच्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी सुलतानपूरला गेले. जाताना आपल्याकडं एकही पिल्लू नव्हतं. दहा दिवसांनी परत आले तर तू ओसरीवर बसला होतास आणि पुढ्यात रिकामी टोपली होती. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी वादळ झालं होतं. तीन पिल्लं आली होती. तू रात्रंदिवस त्यांच्यापाशी बसला होतास.

"माह्या हातचं घेत नाई आता," तू म्हणालास.

"कोण घेत नाही?"

"पिल्लू म्हन, देव म्हन. माह्यंच काई चुकलं, गोदे."

आणि मग काय चुकलं ते तू शोधून काढलंस. आदल्या साली तापात असताना एकादशीच्या दिवशी तू वाटीभर पेज प्याला होतास. वैद्यानं दिली होती, वहिनीनं पाजली होती, तुला शुद्धही नव्हती. तरी तेच कारण. मी तुझ्यासमोर उभी होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की दादा, ती उपाशी मेली, भाकरी त्यांचं अन्नच नव्हे. मी म्हणाले, "तसं काही नसतं रे." आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले.

का नाही सांगितलं? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तुझं मन मोडेल, गाव हसेल, कीर्तनकार बुवा काय म्हणतील. खरं कारण एकच. तू माझ्या गळ्याकडं पाहशील याची मला भीती वाटली. मी माळ काढून ठेवत होते आणि पुन्हा घालत होते, कितीक श्रावण, आणि त्याच हातानं तुझ्या देवाला नैवेद्य वाढत होते. तू रागावला असतास तर चाललं असतं. तू काही न बोलता गोठ्यात निघून गेला असतास, ते मला सोसलं नसतं.

आठ दिवसांनी सप्ताह बसला. दरवर्षी पहिली वीणा तुझ्या गळ्यात असायची, चोवीस तास उभा राहायचास, पाय सुजायचे आणि तुझं तोंड मात्र उजळलेलं असायचं. त्या साली तू वीणा घेतलीस, कपाळाला लावलीस आणि खाली ठेवलीस. "ज्याच्या हातून मुकं जनावर घास घेत नाई त्यानं हे धरू नाई," म्हणालास. सगळ्यांनी समजावलं. मी बायकांत बसले होते. पुन्हा तू वीणा कधीच धरली नाहीस. पिल्लं घेऊन येणाऱ्यांना परत पाठवू लागलास. धाब्यावर यायचास, घोंगडीत बसायचास, पण मी "तुझा खोपा कोणता?" विचारलं की म्हणायचास, "राहू दे. माह्या नको." मला डाव एकटीला खेळता येईना. आठ वर्षं आपण नुसतं बघत बसलो.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू रोज चिंचेच्या दिशेला मान करून विचारायचास, "आले काय?" मी म्हणायचे, येतील. एका दुपारी घरात आपण दोघंच होतो. तुझा हात माझ्या हातात होता. मी म्हणाले, "दादा, तुला एक सांगायचं होतं." तू डोळे उघडलेस आणि वाट पाहिलीस. मी म्हणाले, "पाणी देऊ का?"

तेरवीच्या दिवशी कीर्तन होतं. बुवांनी तुझी गोष्ट लावली. मांस खाणारं पाखरू, पण या पुण्यवंताच्या हातची दूध-भाकर खाऊन आकाशी गेलं. बुवांचा आवाज चांगला आहे, लोक डोळे पुसत होते. मग ते माझ्याकडं वळले. "या बाई साक्षी आहेत. बोला बाई, तुमच्या डोळ्यानं पाह्यलं का नाई?"

मी उठून उभी राहिले. शाळेत पन्नास मुलींपुढं न अडखळणारी मी, माझी सगळी पुस्तकी भाषा कुठं गेली कोण जाणे. "नाई बुवा," मी म्हणाले, "मासोळ्या खाऊन वाढला तो. म्या चारल्या."

मागं कोणीतरी हसलं. बुवा हुशार, त्यांनी टाळ उचलला आणि गजर सुरू केला. पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामं राहिलं, मग त्याच्या पलीकडचंही. मी उठून आत गेले. वहिनी चुलीपाशी होती. तिनं माझ्यासाठी ताट वाढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली.

"जेवा बाई," ती म्हणाली. "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"टोपलीले वास येत होता. तुम्ही शाळेत गेल्या का म्या राख लावून घासत होती."

दादा, माझ्या हातातला घास तसाच राहिला. इतकी मोठी आशा मला आयुष्यात कधी वाटली नसेल. मी विचारलं, "मग दादाला? दादाला माहीत होतं?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. मी तरी बोलले असते.

"नाई," ती म्हणाली. "त्याईले काईच मालूम नव्हतं. तुमचं होतं ते सांगाचं, म्हून म्या तोंड उघडलं नाई. वाट पाह्यली तुमची." आणि चुलीत लाकूड सारत म्हणाली, "त्याईनं वीना खाली ठेवली, तवा लय वाट पाह्यली."

आता ऊन वर आलंय. धुकं गेलं, चिंचेचा बुंधा दिसू लागलाय, आणि खाली वहिनीच्या चुलीत पाणी गळतच असेल. मी उतरायला हवं. त्याआधी, जे मला न्हाणीत जाण्यापूर्वी म्हणायचं होतं ते म्हणते; ऐकायला तू नाहीस, तरी म्हणते. त्या एकादशीच्या पेजेनं काही बिघडलं नव्हतं. देव तुझ्यावर रुसला नव्हता. ती तीन पिल्लं उपाशी होती, दादा, आणि त्यांना काय लागतं ते मला ठाऊक होतं, तुला नव्हतं. तुझं काहीएक चुकलं नव्हतं. वीणा तू उगीच खाली ठेवलीस.